न घडलेल्या दंगलीचे नायक

प्रश्न : मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मराठी साहित्य. 'नायक' या घटकावर टिपण लिहायचं होतं. मी लिहिलं, माझ्यासाठी माझे वडील नायक आहेत. ते भिवंडीत एका कारखान्यात रोज 12 तास लूम चालवतात. वर्गातल्या मैत्रिणी म्हणाल्या, ते तर पोटासाठी करतात, त्यात हिरो होण्यासारखं काय आहे? मला उत्तर देता आलं नाही. कथा-कादंबरीतला नायक आणि रोजच्या जगण्यातला नायक यांचा काही संबंध असतो का? आणि ज्या भिवंडीचं नाव बाहेर दंगली आणि गोदामं यांपलीकडे फारसं घेतलं जात नाही, तिला कुणी नायक आहे का?
– एक वाचक, भिवंडी

उत्तर : तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. ते सुटे करून पाहू. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की पहिल्या दोन्हींचीही उत्तरं पक्की होतील, असं मला वाटतं.

कथेतला नायक म्हणजे कोण?

गोष्ट ज्याच्याभोवती फिरते तो एक, आणि ज्याच्यापुढे आपली मान आपोआप झुकते तो दुसरा. हे दोघे एकच असतील असं नाही. परीक्षेच्या टिपणात नेमकी इथेच गल्लत होते.

जुन्या शास्त्रकारांना हा फरक माहीत होता. दहाव्या शतकात धनंजयाने 'दशरूपक' लिहिलं. त्यात नायकाचे चार प्रकार येतात : धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. रामासारखा उदात्त, वत्सराज उदयनासारखा कलासक्त, 'मृच्छकटिका'तल्या चारुदत्तासारखा शांत आणि परशुराम-रावणासारखा उग्र. या मांडणीत रावणालाही जागा आहे. म्हणजे नाटकाचा नायक सज्जनच हवा, असा आग्रह नव्हता. आग्रह होता तो कुळाचा. राजा, अमात्य, ब्राह्मण, श्रेष्ठी यांच्यापैकी कुणी तरी तो असायचा. मागावर बसणाऱ्याला त्या यादीत जागा नव्हती.

मराठीत ही चौकट मोडायला फार काळ लागला. 1869 मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांचा पवाडा लिहिला आणि राजाकडे शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या बाजूने पाहायला शिकवलं. त्यानंतर नव्वद वर्षांनी, 1959 ते 1963 या अवघ्या पाच वर्षांत, मराठी कादंबरीने 'नायक कोण' या प्रश्नाला तीन निरनिराळी उत्तरं दिली. तुमच्या टिपणासाठी या तीन कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवून वाचा.

पहिली अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (1959). मांग समाजातला हा तरुण दुष्काळात उपाशी वस्तीसाठी धान्य लुटतो, सरकारी खजिन्यावर हात टाकतो. शेवटी इंग्रज अधिकारी त्याच्या माणसांनाच ओलीस धरतात. डोंगर त्याच्या पाठीशी आहे, पळायला वाट आहे. तरी तो स्वतःहून हजर होतो. दुसरी उद्धव शेळके यांची 'धग' (1960). वऱ्हाडातल्या शिंपी कुटुंबातली कौतिक. नवरा महादेव हातपाय गाळतो, तेव्हा ती संसार ओढते, मुलांना जगवते. ती जिंकत नाही. शेवटी परिस्थितीच तिच्यावर मात करते. तिसरी भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (1963). पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येतो आणि काहीही न कमावता गावी परततो. तो पराक्रम करत नाही, करण्याचा आवही आणत नाही. कादंबरी मात्र पूर्णपणे त्याचीच आहे.

आता स्वतःला विचारा, फकिरा आणि कौतिक यांच्यात असं काय आहे, जे पांडुरंगात नाही? ते शूर आहेत आणि तो भित्रा, असं उत्तर देऊ नका. पांडुरंगाचा प्रामाणिकपणा हेही एक धैर्यच आहे. खरा फरक असा की फकिरा आणि कौतिक यांच्यासमोर एक सोपी वाट खुली होती. ती त्यांना दिसत होती. ती धरली असती तर फारसं कुणी बोललंही नसतं. तरीही दुसऱ्या कुणासाठी त्यांनी ती सोडली आणि किंमत स्वतः मोजली. चांगला लेखक ही सोडलेली वाट वाचकाला दाखवतो. ती दिसली नाही तर त्यागाचं वजन कळत नाही.

यात आणखी एक अट घालावी लागते. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने (1967) कर्णाला मराठी घराघरांत नेलं. युद्धाआधी कृष्ण त्याला सांगतो की तू कुंतीचा थोरला मुलगा आहेस, पांडवांकडे ये. कर्ण राज्य नाकारतो आणि दिलेल्या शब्दाला जागतो. यापेक्षा मोठा त्याग कोणता? पण तो त्याग दुर्योधनासाठी होता, आणि याच कर्णाने भरसभेत द्रौपदीची विटंबना होताना तिच्या बाजूने उभं राहण्याऐवजी तिच्या अपमानात भर घातली होती. त्याच्याविषयी आपल्या मनात माया असते आणि ती खरी असते. पण किंमत मोजणं एवढ्याने कुणी नायक ठरत नाही. ती कशासाठी मोजली, कुणाच्या वाट्याला त्यातून काय आलं, हेही पाहावंच लागतं.

वडील 'पोटासाठी' काम करतात, मग ते नायक कसे?

कारखान्याबाहेरच्या माणसाला लूम चालवणं म्हणजे बटण दाबून उभं राहणं वाटतं. तुम्ही आत गेला असाल तर तुम्हाला माहीत आहे. एका माणसाच्या ताब्यात सहा-आठ साधे माग असतात. धोटा इकडून तिकडे आपटत असतो. आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर हातांनी खुणा कराव्या लागतात, आणि वर्षानुवर्षं तिथे काढली की ऐकू कमी येतं. कांडी संपली की बदलायची, ताण्याचा धागा तुटला की माग थांबवून गाठ मारायची. एका मागावर गाठ मारेपर्यंत दुसऱ्याची कांडी संपलेली असते. पैसे कापडाच्या मीटरवर मिळतात. माग थांबला की कमाई थांबली, आणि खराब निघालेल्या कापडाचे पैसे कापले जातात ते वेगळंच.

एवढं सगळं मान्य करूनही मी सांगेन, तुमच्या मैत्रिणींचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. पोटासाठी कष्ट करणं आदराचं आहे, पण तेवढ्यावर कुणाला नायक म्हटलं तर सगळेच नायक होतात आणि फकिराला, कौतिकला वेगळं काही म्हणायची सोय उरत नाही. श्रमाला आधी न्याय हवा. दर मीटरला रास्त दर, कानाला संरक्षण, आजारपणात आधार, म्हातारपणी पेन्शन. कोरोनाच्या साथीत, 22 मार्च 2020 च्या संध्याकाळी, देशभर थाळ्या वाजल्या. राबणाऱ्या माणसांना तेव्हा सगळे हिरो म्हणत होते. पुढच्याच आठवड्यांत टाळेबंदीने माग बंद पडले, बिशीतलं, म्हणजे मजुरांच्या खानावळीतलं, जेवण परवडेनासं झालं आणि भिवंडीतले हजारो मजूर मुंबई-नाशिक महामार्गाने पायी उत्तर प्रदेशाकडे निघाले. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली, पण तोवर कितीतरी जण चालून थकले होते. कुणाला हिरो म्हटलं की त्याला काय देणं लागतो, हा विचार बाजूला टाकता येतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत असं होऊ देऊ नका.

आता मैत्रिणींचं चुकलेलं निम्मं. 'पोटासाठी' म्हणताना त्यांनी विचारलं नाही, कुणाच्या पोटासाठी? आणि त्या कष्टांच्या आत कोणकोणते निर्णय दडले आहेत? मुलगी बारावी झाली, आता शिकवून काय करायचं, तिलाही कामाला लावा किंवा लग्न उरकून टाका, असा सल्ला तुमच्या वडिलांना कुणी दिला नसेल, असं मला वाटत नाही. घरात आणखी एक कमाई आली असती तर रात्रपाळी सुटली असती. ती सोपी वाट त्यांच्यासमोर होती. तुम्ही आज कॉलेजात बसून नायकावर टिपण लिहिता आहात, याचा अर्थ त्यांनी ती धरली नाही. शेजारचा कामगार आजारी असताना त्यांनी त्याचे माग सांभाळले का, अपघातात कुणाचा हात गेला तेव्हा मालकासमोर साक्ष द्यायला ते उभे राहिले का, हे त्यांना विचारा. नायकपण असेल तर ते अशा जागी सापडेल. तुमच्या टिपणात '12 तास लूम चालवतात' या वाक्यानंतर असं एखादं वाक्य आलं असतं, तर मैत्रिणींनी तो प्रश्न विचारलाच नसता.

भिवंडीला कुणी नायक आहे का?

आहेत, आणि एक-दोन नाहीत. भिवंडीच्या एका जखमेने भारतीय साहित्याला एक मोठी कादंबरी दिली, तिथून सुरुवात करू.

मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवेळी भिवंडीत दंगल पेटली. तिचं लोण जळगाव-महाडपर्यंत गेलं. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. त्या दिवसांत हिंदी लेखक भीष्म साहनी आपले बंधू, अभिनेते बलराज साहनी यांच्यासोबत भिवंडीत आले होते. विणकरांचं गाव, पण माग बंद, घरं जळालेली, गल्ल्या ओसाड. ते पाहून त्यांना 1947 मधलं आपलं रावळपिंडी आठवलं. परतल्यावर त्यांनी लिहायला घेतलेली कादंबरी म्हणजे 'तमस'. तिला 1975 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि 1988 मध्ये गोविंद निहलानींनी ती दूरदर्शनवर आणली. म्हणजे फाळणीवरच्या या कादंबरीची ठिणगी भिवंडीच्या राखेत होती.

'तमस'मध्ये तुमच्या परीक्षेला हवा तसा एकही नायक नाही. कथेला गती देणारा नथू एका डावाचं नकळत हत्यार होतो. पण त्यात राजो नावाची एक मुसलमान गृहिणी आहे. ती पुस्तकाच्या थोड्याच पानांत येते. दुकान आणि घर सोडून रात्रभर चालत आलेलं हरनामसिंग आणि बंतो हे म्हातारं शीख जोडपं तिचं दार ठोठावतं. घरातले पुरुष लुटालुटीला गेलेले. राजो त्यांना आत घेते, मग घाबरते. माझी माणसं परत आली तर तुमचं काही खरं नाही, तुम्ही जा, असं सांगते. दोघं मुकाट बाहेर पडतात आणि ती त्यांना परत बोलावते. पुढे पुरुष लुटीचा माल घेऊन घरी येतात, तर ती ट्रंक हरनामसिंगाचीच निघते. रात्री राजो दोघांना सुखरूप गावाबाहेर पोहोचवते, आणि जाताना त्यांचे त्या ट्रंकेतले दागिने त्यांच्या हातात देते. मालिकेत ही भूमिका सुरेखा सिक्री यांनी केली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हरनामसिंग झाले होते खुद्द भीष्म साहनी.

तिने 'जा' म्हटलं, तो क्षण फार महत्त्वाचा आहे. राजो भीतीपासून मुक्त नव्हती. तिला सोपी वाट दिसली, ती त्या वाटेवर एक पाऊल टाकूनही आली आणि मग फिरली. जिला कधी डगमगावंच लागलं नाही, तिच्यापेक्षा मला हिची उंची जास्त वाटते.

आता प्रत्यक्षातली भिवंडी. 1970 नंतर मे 1984 मध्ये पुन्हा दंगल झाली, आधीपेक्षा भीषण. भिवंडी, ठाणे, मुंबई या पट्ट्यात अडीचशेच्या वर माणसं मारली गेली. 'भिवंडी' म्हटलं की पोलीस खात्यातही धास्ती असायची. चार वर्षांनी, 1988 मध्ये, सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. बंदोबस्त वाढवणं, संशयितांना उचलणं, मिरवणुकीच्या दिवशी रस्त्यावर फौज उभी करणं ही रुळलेली वाट त्यांच्यासमोर होती. तसं केलं असतं तर कुणीही नाव ठेवलं नसतं. त्यांनी दुसरं काम हाती घेतलं. गावभर सुमारे 70 मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. प्रत्येकीत हिंदू आणि मुसलमान दोन्ही, पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसं जास्त, आणि जबाबदारी ठाण्यातल्या कनिष्ठ पोलिसांवर. या बैठकांना दंगलीचीच वाट पाहावी लागत नसे. गटाराचं पाणी, घरमालक-भाडेकरूंचं भांडण, बायकोला मारणारा नवरा, पोरांची मारामारी असे विषय निघत. तुमच्या वडिलांना हे लगेच कळेल : तुटलेला धागा त्या क्षणी हाती लागला तर गाठीवर भागतं, नाही तर पुढचं सगळं कापड वाया जातं. ज्या दोन माणसांनी गटाराचा वाद एकत्र बसून मिटवला आहे, ती अफवा आल्यावर आधी एकमेकांना विचारतात.

6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारीत मुंबई जळाली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचा आकडा 900 आहे. भिवंडी तिथून जवळच, दोन दंगलींचा इतिहास असलेली, लाखो मजुरांची, आणि ती शांत राहिली. खोपडे यांची तोवर इथून बदली झाली होती. नंतर आलेल्या अधिकाऱ्यांनी आणि कमिट्यांतल्या माणसांनी घडी मोडू दिली नाही. मुंबईतही पुढे याच धर्तीवर मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली. तिच्यामागे ज्युलिओ रिबेरो, सतीश सहानी, सुशोभा बर्वे अशी माणसं होती.

माझं म्हणणं इथे येऊन ठरतं. कथेला घटना लागते. फकिराचं शरण जाणं, राजोचं दार उघडणं लिहिता येतं, कारण ते घडलं. जगण्यातल्या मोठ्या पराक्रमातून मात्र पुष्कळदा काहीच घडत नाही. दंगल होत नाही, घर जळत नाही, मुलगी शाळा सोडत नाही. 1970 आणि 1984 वर अहवाल आहेत, पुस्तकं आहेत, 1970 पाहून सुचलेली एक श्रेष्ठ कादंबरीही आहे. 7 डिसेंबर 1992 च्या रात्री भिवंडीच्या कुठल्या नाक्यावर कोण उभं होतं, कुणी कुणाच्या पोराला हाताला धरून घरी पाठवलं, याची नोंद जवळजवळ नाही. रोजच्या जगण्यातले नायक आपल्याला दिसत नाहीत, याचं कारण त्यांची संख्या कमी आहे हे नव्हे. त्यांचं यश म्हणजे घटनेचा अभाव, आणि अभावाची बातमी होत नाही.

हे नायकपण एकदा मिळवून कायमचं टिकत नाही, हेही भिवंडीनेच दाखवलं. जुलै 2006 मध्ये एका पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या वादातून हिंसा भडकली. गोळीबारात दोघे मेले आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. बैठका विरळ झाल्या, माणसं बदलली की जुनी पुण्याई पुरत नाही. हे काम दर पिढीला पहिल्यापासून करावं लागतं.

क्षणात उजळून निघणारं शौर्यही या गावाने पाहिलं आहे. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि जवळजवळ चाळीस जीव गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान पोहोचण्याआधी आसपासच्या लोकांनी ढिगाऱ्यात हात घालून सुमारे 20 जणांना बाहेर काढलं. उरलेला भाग अंगावर येईल, हे त्यांना दिसत होतं. त्यांना नायक म्हणायला कुणीही कचरणार नाही. पण अशी इमारत वेळीच रिकामी व्हावी म्हणून जो वर्षभर अर्ज करत फिरतो, घरोघर जाऊन रहिवाशांची समजूत काढतो आणि त्यांची बोलणी खातो, त्यालाही आपण तेवढाच मान द्यायला शिकलं पाहिजे. त्याच्या यशानंतर बाहेर काढायला कुणी उरतच नाही.

मग नायक ओळखायचा कसा?

तीन प्रश्न विचारा. बाजूला होण्याची सोपी वाट त्या माणसाला मोकळी होती का? ती सोडल्याची किंमत त्याने स्वतः मोजली, की दुसऱ्यावर ढकलली? आणि त्यातून ज्याचं भलं झालं तो खरोखर गरजवंत होता का? फकिरा, राजो आणि मोहल्ला कमिटीतला एखादा पानवाला या तिन्हींत बसतात. कर्ण तिसऱ्यात अडखळतो. पांडुरंग सांगवीकर या परीक्षेला बसलेलाच नाही, आणि म्हणून 'कोसला' कमी ठरत नाही. तुमच्या वडिलांबाबत उत्तर मी देणार नाही. ते तुम्ही त्यांच्याशी बोलून शोधायचं आहे, आणि मला वाटतं ते सापडेल.

शेवटी एक काम सुचवतो. 1988 ते 1993 च्या काळात मोहल्ला कमिट्यांमध्ये बसलेली माणसं आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. निजामपुरा, पद्मानगर, शांतीनगर, कामतघर इथे ती अजून भेटतील. वर्गातल्या त्याच मैत्रिणींना सोबत घ्या, वही घ्या, आणि त्यांना विचारा : त्या रात्री तुम्ही कुठे होता, कुणाशी बोललात, काय होऊ दिलं नाहीत? उर्दू, तेलुगू, भोजपुरी, मराठी, जी भाषा ऐकू येईल तीत ऐका आणि मराठीत लिहा. पुस्तकांतल्या नायकांना लेखक मिळाले. भिवंडीच्या या माणसांना ते अजून फारसे मिळालेले नाहीत, आणि त्यांच्याकडे थांबायला फार वर्षं नाहीत. टिपणाचे गुण कितीही मिळोत, हे लेखन तुमच्या गावाला हवं आहे.